कडी कुठाय?

...नाही, नाही, घर सुंदरच आहे, मी कुठे नाही म्हणतोय? बसा ना, त्या खुर्चीत बसा, वाळू झटकून बसा. येणारा प्रत्येक जण हेच म्हणतो, 'वा! काय घर आहे, समुद्र थेट बैठकीत येतो!' अहो, येतो म्हणजे काय, येतोच! परवा त्याच्याबरोबर एक खेकडा आला, सोफ्याखाली शिरला तो अजून बाहेर आलेला नाही, म्हणजे तोही आता घरातलाच झाला, पाय वर घेऊन बसा. वारा आहे, उजेड आहे, बैठकीच्या मधोमध नारळाचं झाड आहे, छताला भोक पाडून ते वर गेलंय... सगळं आहे! ते सगळं ठीक आहे, पण कडी कुठाय?

तुम्हाला सांगतो, मी जन्माचा संशयी माणूस. आणि का नसावं? सगळी नोकरी कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेली. जाळीची खिडकी, खिडकीला हात जाईल एवढं भोक, अलीकडे मी आणि पलीकडे अख्खा कारखाना! हसत हसत आला तो हातोडी न्यायला आलाय, हे मी लांबून ओळखायचो. 'काय काम आहे? आत्ता नाही, संध्याकाळी या!' अशा माणसाला म्हातारपणी बिनभिंतींच्या घरात आणून ठेवलं, याला काय म्हणायचं?

सुरुवात केली आमच्या हिने. आमची ही म्हणजे तशी गरीब बाई, कधी काही मागितलं नाही, आणि एकदम म्हणते, 'अहो, समुद्रावर घर बांधू, मोकळं! आयुष्यभर तुमच्या कड्याकुलपांत काढलं, आता मला आत बसलं तरी बाहेर बसल्यासारखं वाटलं पाहिजे.' म्हटलं, मग बाहेरच बस ना, घर कशाला बांधायचं? तर दोन दिवस अबोला!

मग आला आर्किटेक्ट. डोळे मिटून बोलतो हो! डोळे मिटून बोलणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवावा? 'काका, आपण आत आणि बाहेर यातली रेषाच पुसून टाकू. इथे भिंत नाही, घडीची दारं, सगळी सरकवून कोपऱ्यात. वारा समुद्राकडून येईल, मागच्या झडपांमधून निघून जाईल.' म्हटलं, वारा येईल-जाईल, त्याच्या पाठोपाठ आणखी कोण येईल-जाईल? तर तो आणि ही एकमेकांकडे बघून हसले. हसले! तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. म्हटलं, यांचं आधीच ठरलंय. त्याने पुठ्ठ्याचं घर टेबलावर ठेवलं, मी समुद्राकडून बोट घातलं, ते थेट स्वयंपाकघरातून बाहेर आलं. मी विचारलं, 'कडी कुठाय?' म्हणाला, 'काका, कडी ही एक मानसिकता आहे.' घ्या!

न्हाणीघर दाखवलं, तर भिंत खांद्यापर्यंत आणि वर आभाळ! 'आभाळाखाली आंघोळ, काका!' अहो, मी साबण लावून उभा आणि शेजारचा निवृत्त मास्तर गच्चीवरून विचारतोय, 'काय, आज उशीर?' आता आंघोळीला उशीर झाला, हे याला कसं कळलं? म्हणजे रोज बघतो की नाही? साबणाची वडी तर कावळ्याने नेली. मोजून दुसरी!

आणि माणसं! किनाऱ्यावरून सरळ आत येतात. एक कुटुंब आलं, टेबलाशी बसलं, आणि त्यातला गृहस्थ मला, या घराच्या मालकाला, म्हणतो, 'जरा मेनू आणता?' मी पोलिसांना फोन लावणार, तर ही आतून, म्हणजे आतून असं काही नाहीच, पलीकडून म्हणते, 'अहो, येऊ द्या हो, कॉफी टाकते.' टाकली! दिली! वर ते म्हणाले, पुढच्या रविवारी भावाला घेऊन येऊ.

मी मात्र बांधकामाच्या वेळीच अडून बसलो होतो. म्हटलं, तुमचा वारा तुम्हाला लखलाभ, मला एक खोली हवी. चार भिंती, एक खिडकी, जाड दार आणि कडी. दुपारी माणसाला डोळा लावता आला पाहिजे की नाही? आर्किटेक्टने असं तोंड केलं, जसं काही मी त्याच्या पानात माती कालवली. पण दिली. मागच्या कोपऱ्यात, एवढीशी. सुतार दार घेऊन आला आणि विचारतो, 'काका, कडी आतून लावू की बाहेरून पण?' मी सावध झालो. का विचारतोय हा? कोणी सांगितलं याला विचारायला? बाहेरून कडी म्हणजे उद्या मला आत कोंडायची सोय! म्हटलं, 'फक्त आतून. बाहेरून कोयंडा नको, कुलूप नको, साधा खिळासुद्धा नको. आत असेल त्याचाच हुकूम चालला पाहिजे!' सुतार म्हणाला, 'बघा हं.' म्हटलं, बघितलंय!

काय सांगू तुम्हाला, पहिले काही दिवस स्वर्ग! दार लावलं, कडी सरकवली, खट्ट! वारा नाही, वाळू नाही, मास्तर नाही, वर्तमानपत्र कोरडं. अहो, मला रडू आलं, खरंच सांगतो.

आणि काल जेवणानंतर हात धुवायला म्हणून गेलो. फक्त हात! परत येतो तर दार बंद. ढकललं, हलेना. चोर! शेवटी शिरलाच! मी ओरडलो, 'कोण आहे आत?'

आतून आवाज आला, 'मी आहे.' आमची ही!

'अगं, तू? तुलाच मोकळं घर हवं होतं ना?'

'हवं होतं. छानच झालंय. पण सारखा वारा, सारखी वाळू, सारखी कोणाची तरी कॉफी... इथे किती शांत आहे हो! तुम्ही कधी बोलला नाहीत.'

'अगं, पण ती माझी खोली आहे!'

'आहेच की. काय काम आहे?'

म्हटलं, चष्मा राहिलाय आत.

तर म्हणते कशी, 'आत्ता नाही. संध्याकाळी या.' आणि मला ऐकू आलं, कडी नीट बसली की नाही, ते तिने पुन्हा एकदा तपासून पाहिलं.

आजही तेच. जेवण झालं, मी ताटावरून उठायच्या आत ही आत! म्हणून मी हा असा इथे, वाऱ्यात, खेकड्यावर लक्ष ठेवून. कडी कुठाय, ते आता पक्कं कळलंय, पण उपयोग काय?

बरं, तुम्ही कोण, कुठले, मी अजून विचारलंच नाही... किनाऱ्यावरूनच आलात ना? वाटलंच मला. राहू द्या. किती कॉफी टाकू?