होडीच्या म्होरं उडी

माझा जन्म उळवीच्या रानातला, लगीनबी रानातच झालं, काळी नदीच्या काठाला. तवा जंगल गोऱ्या सायबाचं. भात लावायचं, ठेकेदाराचं लाकूड वढायचं, होडीनं माणसं पल्याड न्यायची, हेच आमच्या गड्यांचं काम. दर्या म्या लगीन झाल्यावर बघितला, आनि असा बघितला की आजून त्याचं नाव निघालं तरी अंगाची आग व्हती.

आमचं मालक नदीवर लई हुशार. आमच्यात काय हाय, होडी काठाला आली की नाकावर बसलेला गडी दोरी घिऊन म्होरं उडी टाकतो आनि होडी वढून घेतो. ज्याची उडी लांब त्याचं नाव मोठं. ह्यांची उडी बघाया बाया धुणं सोडून उभ्या ऱ्हायच्या, आनि मलाबी बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मग ठेकेदाराच्या मुकादमानं आमास्नी खाली कारवारकडं नेलं. गलबत लांब पाण्यात उभं, त्यातली तांदळाची पोती होडीनं वाळूवर आणायची, आनि तिथनं बायांनी डोक्यावरनं न्यायची. त्या दिशी लाटा मोठ्या म्हून तिथल्या दर्यावरच्या खारव्यांनी होड्याच काढल्या न्हाईत. मुकादमानं काय करावं, आमच्या रानातल्या गड्यांना होडीत घातलं आनि सुकाणूला एक म्हातारा तांडेल बसवला.

काय सांगू तुमास्नी, लाटा एकसारख्या येत न्हाईत. मोठ्या मोठ्या येत्यात, मग जरा दम खात्यात. त्यो दम बघून लाटेच्या पाठोपाठ आत यायचं, होडी सरळ धरायची, आडवी झाली की पालथीच. हे म्या मागनं शिकले, काय उपेग? तांडेल हात वर करून रावा, रावा म्हणत हुता, थांबा म्हून सांगत हुता, आनि मुकादम वाळूवरनं छत्री हालवत बोंबलत हुता, या की रं, तिथं काय पूजेला बसलाय. गड्यांनी मुकादमाचं ऐकलं, वल्ही मारली. होडीचं नाक वाळूला लागलं आनि ह्यांनी दोरी घिऊन म्होरं उडी टाकली, काळीवर टाकायचे तशी. मागनं लाट आली, तिनं ती पोत्यांनी भरलेली होडी उचलली आनि ह्यांच्या छातीवर आणून टाकली. म्या तिथंच हुते, डोक्यावर चुंबळ घिऊन.

म्या मुकादमाच्या अंगावर गेले, बायांनी धरलं. मग तांडेलाला विचारलं, तू आधी का सांगितलं न्हाईस? त्यो रडत म्हणाला, बाय, होडीच्या आनि काठाच्या मधी जायाचं न्हाई, मागच्या अंगाला बाजूनं उतरायचं, हे आमच्या बारक्या पोरास्नीबी ठावं, ते कुणाला सांगाया लागंल हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई.

घरला आले तर भावकी म्हणती, दर्यानं बळी घेतला, नारळ दिला नसंल. आरं, माझ्या हातानं दिला हुता नारळ! दर्याला कशाला बोल लावता? मुकादमाचं नाव घ्याया जीभ का वळत न्हाई? दुसऱ्या साली त्याच मुकादमाच्या मागनं गडी खाली गेले. आनि निघतेवेळी मरणाचं बोलायचं न्हाई ही आमची रीत, म्हून त्यास्नी कुणी अवाक्षर सांगितलं न्हाई. रीत म्हणं! चुलीत घाला असली रीत.

तवापासनं गडी खाली जायाला निघाले की म्या वाटंत उभी ऱ्हाते आनि ह्यांचं मरण सगळं सांगते, छाती कशी फुटली तेबी. बाया पदरानं तोंड झाकत्यात, आली अवदसा म्हणत्यात. म्हणू द्या.

औंदा जावय निघाला. लेकीनं त्याला कुंकू लावलं, हातावर दही दिलं, आनि म्या मधी शिरले. लेक म्हणाली, अव्वा, आज तरी गप बस. म्या बसले न्हाई. त्याचा हात धरून बोलले, बाबा, तुझा सासरा लांब उडीपायी मेला, तू भित्र्यावानी मागनं उतर. लेकीनं मला ढकललं, माझ्या दारात पाय ठेवू नगं म्हणाली.

न्हाई ठेवत. त्यो तिच्या दारात परत येऊ दे, मग जलमभर न्हाई बोलली माझ्याशी तरी चालंल.