पोळ्याला बांधलेली स्कूटर

नव्या गाडीचे पेढे वाटताय ते ठीक आहे राव, पण आमच्या सोपानच्या स्कूटरचं काय झालं ते आधी ऐका.

चिखलीचा सोपान माझ्याबरोबर कंपनीत होता. त्याचे वडील, आबा, शेतकरी. आबा लेकीकडे गेले आणि या पठ्ठ्यानं चाकणच्या बाजारात त्यांची बैलजोडी विकून स्कूटर आणली! मी त्याला विचारलं,

"अरे, आबा जिवंत सोडतील का तुला?"

"आता बैल कशाला पाहिजेत? जमाना बदलला."

आबा परतले. रिकामा गोठा बघितला आणि रोजच्यासारखा झाडून काढला.

मग पोळा आला. दुपारी शिफ्टला निघायचं म्हणून मी सोपानकडे गेलो आणि दारातच थिजलो. गोठ्यात स्कूटर उभी! हँडलला बाशिंग, घुंगरमाळ, चाकाला दावं, पुढ्यात पुरणपोळी. किल्ली आबांच्या कमरेला.

सोपान विनवत होता, "आबा, किल्ली द्या. शिफ्ट चुकंल."

"आज पोळा हाय. आज जुंपायची न्हाई."

"आवो, स्कूटर हाय ती! माझा खाडा पडंल!"

"बैलांच्या जागी आनलीस न्हवं? मग तिलाबी आज सुट्टी."

मला हसू आवरेना. सोपानही हसायला लागला. तेवढ्यात आबांनी हळूच विचारलं, "सोपाना, ज्याला जोडी इकलीस, त्यानं माझ्या बैलांस्नी आज जुंपलं तर नसंल ना रं? कोन हाय त्यो?"

सोपानचं हसू तिथंच विरलं. घेणाऱ्याचं नावसुद्धा त्यानं विचारलं नव्हतं.