सावलीतली छत्री

—नाही हो, भिंतीवरचा तो फोटो विकायचा नाही, आणि तो मी काढलेलाही नाही, मेहुण्याचा आहे. बसा, तुमचा पासपोर्टचा होतोच आहे, दिवे जरा लागू द्या. त्या धबधब्याला पहिलं बक्षीस मिळालंय, म्हणून बायकोनं तो माझ्याच स्टुडिओत टांगलाय — भावाचं कौतुक! आता माझा बघा, इकडे, कॉम्प्युटरवर. धबधबा तोच, सकाळही तीच. कमरेएवढ्या पाण्यात तीन तास उभा होतो, मासे खिशात शिरले, एक तर घरी आल्यावर रुमालाबरोबर बाहेर आला — हसताय? बरं, मासा सोडा, पण पाणी कमरेएवढं होतं. गुडघ्याएवढं. पुढचं मात्र अक्षरशः खरं.

वाहतं पाणी एका फोटोत मावत नाही. फेस पांढराशुभ्र, खडकाखाली काळोख — एकाला सांभाळावं तर दुसरा रुसतो. म्हणून ट्रायपॉड रोवून तीन काढायचे, एक अंधारा, एक मधला, एक लख्ख, आणि मग एकात एक मिसळायचे. पाणी मात्र एकातलंच घ्यायचं, ते थोडंच थांबतंय आपल्यासाठी! आणि फाइल रॉ — कॅमेऱ्यानं जे पाहिलं ते सगळं, काही न झाकता. तोच घात झाला.

त्या दिवशी मेहुणा तापानं फणफणला होता. म्हणजे तसा निरोप होता. बायको त्याला औषध द्यायला गेली होती. म्हणजे तसं सांगून. आणि मी? मी लग्नाच्या ऑर्डरला — काय बघता असं? सांगितलं होतं मी दोघांना, की धबधबा आटलाय म्हणून! स्पर्धा होती, जागा माझी — बरं, दाखवली त्यानंच, पण कोन माझा!

तर हा लख्ख फोटो उघडला आणि सावल्यांची ही पट्टी उजवीकडे ओढली. तिथं उभा असताना डोळ्यांवर ऊन, खडकाखालचं काय दिसतंय! इथं खडक उजळला, शेवाळ दिसलं, आणि शेवाळाखाली — हे बघा — पाय. आणखी ओढली. मेहुणा, ट्रायपॉडसकट! आणि त्याच्या कॅमेऱ्यावर तुषार उडू नयेत म्हणून छत्री धरून कोण? छत्री माझी हो! माझी!

मी काय पाठवणार स्पर्धेला? सावली उघडली की भाऊ-बहीण, मिटली की नुसता कोळसा. नाही पाठवला. तिला विचारलंही नाही. उलट तीच विचारेल, धबधबा आटला होता ना? पण तेही जाऊ द्या. पट्टी अजून थोडी ओढतो, तिचा चेहरा बघा. पाणी रेशमासारखं दिसावं म्हणून भिंगावर काळी काच लावून काढलेला फोटो हा, पूर्ण चार सेकंदांचा. माझ्या कॅमेऱ्यापुढं ती दर वेळी डोळे मिटते, लग्नाच्या अल्बमपासून, वीस वर्षं — आणि इथं चार सेकंद हललेली नाही. हसतेय. मला कधी म्हणालीच नाही, मी येऊ का म्हणून. मी तरी कुठं—

जिन्यावर पावलं वाजली ना? पट्टी डावीकडे, डावीकडे. हं. काळोख. — ये गं, काही नाही, गिऱ्हाईक आहे. — तुम्ही ताठ बसा हो. हनुवटी खाली. आणि तोंड मिटा, पासपोर्टला हसलेलं चालत नाही.