येप्पेने रचलेलं गाणं

हॅलो?… हो, एस्किलच बोलतोय. बोल, बोडिलताई… खाल्लं गं. राय धान्याचा काळा पाव होता, हेरिंग मासा होता… जेवणाचं सोड!

…काय होणार? युनियनच्या वकीलबाई म्हणाल्या, वयामुळे कामावरून काढलं हे दाखवणारा एक तरी कागद आणा. उद्या दहाला, ओडेन्सेत… अगं, छापखान्याच्या पत्रात काय, मार्चमध्ये मोठं गिऱ्हाईक गेलं, काम घटलं… हो ना! मग माझ्या टेबलाशी ती पंचविशीतली मुलगी काय करते? मुद्रितंच तपासते ना? एकतीस वर्षं मी… नाही, ओरडत नाहीये.

…कागद कुठून आणू? तोंडावर कुणी काही बोललं नाही. कदाचित खरंच माझा हात मंदावला असेल, ताई… बरं, बरं. नाही म्हणत तसं.

…कुठलं गाणं?… माझ्या साठीचं? येप्पेने रचलेलं? अगं, छापखान्याचा मालक असला तरी चेष्टाच ती. आपल्याकडे साठीला गाणं कोण रचत नाही? कागद वाटायचे, सगळ्यांनी गायचं… दुसरं कडवं? थांब. तो कागद पुस्तकात खुणेला घातलाय… थांब गं… हं, ऐक.

'एस्किल झाला साठ वर्षांचा, गळ घेऊन तळ्यावर जा,
ईस्टरनंतर तुझ्या खुर्चीवर बसेल कोणी तरुण ताजा!'

…

…थांब, ते छापखान्याचं पत्र काढतो, तारीख बघतो.

ताई, पत्र ईस्टरनंतरच्या मंगळवारी आलं! गिऱ्हाईक गेलं मार्चमध्ये, आणि माझा वाढदिवस फेब्रुवारीत! म्हणजे केक कापतानाच ठरलेलं होतं. माझ्याच तोंडून गाऊन घेतलं, गुलामानं! वर मी उभं राहून आभार मानले… हो, तूही गायलीस. चाळीस जण गायले. चाळीस जणांकडे हा कागद आहे, खाली येप्पेचं नाव छापलेलं!

…वाचलं कसं नाही? वाचलं होतं की. एक स्वल्पविराम राहिला होता, तो पेन्सिलने घातलाय मी. आणि खाली… सवयीनं गं…

'तपासले. दुरुस्ती एकच.' आणि माझी सही.

…हसू नकोस.

…खोडू? मुळीच नाही! असाच नेतो वकीलबाईंकडे. म्हणेन, एक दुरुस्ती राहून गेली होती, ती आता तुम्ही करा.

ठेवतो.