नववा मुद्दा

बाई : नाही, बसत नाही मी. बसले की तू चहा मागवणार आणि चहा आला की विषय बदलणार.

सर : पण बाई, तुम्ही अशा येरझारा घालताय, मला समोरचे आकडे दिसेनासे झालेत.

बाई : आकडे मला पाठ आहेत. तुझ्या ‘परिसर पाहणी’ला चौऱ्याऐंशी मुलं, माझ्या ‘पायी पाहणी’ला अकरा. दोन्हींत एकच शिकवतात, म्हणून कुलसचिव म्हणतात एक बंद करा. आता अकरांचा बंद होणार की चौऱ्याऐंशींचा, हे कळायला पर्यावरणाचा विभागप्रमुख व्हावं लागत नाही.

सर : अगदी एकच नाही. आमचं थोडं वेगळं आहे.

बाई : काय वेगळं? पहिला मुद्दा, साखळीने अंतर मोजणे. दुसरा, खुंट्या ठोकणे. तुमचा विभाग निघाला तेव्हा आमच्या भूगोलाचाच अभ्यासक्रम उतरवलास तू. कागद मीच काढून दिले होते.

सर : तेच म्हणतोय. तुम्हीच दिले होते.

बाई : आपला विद्यार्थी आहे, नवा संसार मांडतोय, म्हणून घरातली भांडी दिली. तेव्हा काय माहीत, एक दिवस मलाच विचारतील की त्यांच्याकडे आहेत, मग तुमच्याकडे कशाला.

सर : बाई, माझ्या विभागात आठ जण आहेत. विषय सोडला असं सांगितलं तर सोमवारच्या बैठकीत मला फाडून खातील. नवी प्रयोगशाळा याच विषयाच्या नावावर मंजूर झालीय.

बाई : आणि माझ्या विभागात माझ्याशिवाय एकटी धाकटी प्राध्यापिका आहे. सहा वर्षं कंत्राटावर. हा विषय तीच शिकवते. विषय गेला की जूनमध्ये तिला नेमणुकीचं पत्र येणार नाही. माझं काय, मी मार्चमध्ये निवृत्त होतेय. तिला काय सांगू ते सांग.

सर : आमच्याकडे तिला तास देता येतील.

बाई : किती?

सर : आठवड्याला दोन.

बाई : फार उपकार झाले तुमचे.

सर : रागावलात की तुम्ही मला ‘तुम्ही’ म्हणता.

क्लार्क : येऊ का? कुलसचिवसाहेब चारला उठतात. चारला म्हणजे पावणेचारला. मसुद्यावर दोघांच्या सह्या लागतील.

सर : दहा मिनिटं द्या.

क्लार्क : ती मघाशीच दिली, सर. आणि आता बोलण्यासारखं काय राहिलंय? संगणकावर दोन्ही अभ्यासक्रम जुळवून पाहिलेत. नऊच्या नऊ मुद्दे शब्दन्‌शब्द सारखे. नववा तर दुसऱ्या कुठल्याच विद्यापीठात नाही म्हणे. ‘मागे पाहा’.

सर : तो आमचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे.

बाई : तो मुद्दाच नाही.

सर : म्हणजे?

बाई : म्हणजे मी हाताने अभ्यासक्रम लिहीत होते. पानाची एक बाजू भरली. खाली लिहिलं, मागे पाहा. टायपिस्टने त्याला नऊ नंबर घातला आणि पान न उलटता पाठवून दिलं.

क्लार्क : टायपिस्ट मीच होतो तेव्हा, मॅडम.

बाई : माहीत आहे. म्हणूनच बावीस वर्षं गप्प बसले.

क्लार्क : कागदावर होतं ते टाइप केलं. साहेबलोकांना विचारायची सोय नव्हती. त्यात तुमचं अक्षर.

सर : पण बाई, तुम्ही शिकवलंय ते आम्हाला. दर दहाव्या खुंटीला थांबायचं, मागे वळायचं, आलो ती वाट परतताना कशी दिसेल ते लक्षात ठेवायचं. परीक्षेत मी दोन पानं लिहिली होती त्यावर.

बाई : छापून आलं होतं, मंजूर झालं होतं. आणि तू पहिल्या बाकावरून हात वर केलास. बाई, नवव्या मुद्द्यात काय येतं? चूक झाली म्हणायची लाज वाटली मला. तोंडाला आलं ते सांगितलं.

सर : चौदा वर्षं झाली. दर वर्षी मुलांना टेकडीवर नेतो आणि मागे वळून उभं करतो.

बाई : धाकटीही करते. मागच्या वर्षी धुकं उतरलं तेव्हा सगळ्या मुलांना तिने त्याच्याच जोरावर खाली आणलं. चूक खरी, पण कामाची निघाली.

सर : आणि पानाच्या मागे काय होतं?

बाई : तीन मुद्दे होते. आता आठवत नाहीत.

क्लार्क : साडेतीन वाजून गेले, मॅडम.

बाई : हो, कळलं. लिही रे, भूगोलाचा विषय बंद. मी तेवढ्यात तिला फोन करून येते. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. आल्यावर सही करते.

(बाई फोन घेऊन व्हरांड्यात जातात.)

क्लार्क : बंद करायचा विषय या रेघेवर लिहा, सर. खाली सही.

सर : या रेघेवर मावणार नाही. मागची बाजू कोरी आहे?

क्लार्क : कोरीच असते.

सर : तिथे लिहिलं तर चालतं?

क्लार्क : सही असली की सगळं चालतं. थांबा, वाचू द्या. सर, एकदा विचारलं नव्हतं, आज विचारतो. हेच लिहायचंय ना?

सर : हेच. सोमवारी बैठकीला येऊन बसा माझ्या बाजूने.

क्लार्क : दाराशी उभा राहीन.

(बाई परत येतात.)

बाई : उचलत नाही. वर्गावर असेल. आण, कुठे करायची सही? अरे, रेघ तर रिकामीच आहे. कुठला विषय बंद, ते लिहिलंच नाहीस.

सर : मागे पाहा.

बाई : ‘परिसर पाहणी हा विषय बंद. पर्यावरण विभागाची मुलं यापुढे भूगोलाच्या पायी पाहणीला बसतील. नववा मुद्दा आहे तसाच राहील.’ तुला वेड लागलंय.

सर : सही करा, बाई.

बाई : अकरा आणि चौऱ्याऐंशी, पंच्याण्णव मुलं झाली. एकटीला झेपायची नाहीत तिला.

सर : टेकडीवर मी येईन. नाहीतरी आता माझा तास रिकामाच आहे.

क्लार्क : मॅडम, तुमचा फोन वाजतोय.

बाई : हॅलो. हो, मघाशी मीच केला होता. नाही गं, काही झालेलं नाही. जरा जास्तीच्या खुंट्या मागवून ठेव.