रूथची मैत्रीण

व्यासपीठावरील अध्यक्ष हंबीरराव, सर्व शिक्षक, ज्यांना आज आपण निरोप देतोय त्या सिपोराबाई सोगावकर आणि पालकहो,

मला बोलायची सवय नाही. कागलच्या एमआयडीसीत दिवस मशीनवर जातो, तिथं बोललेलं ऐकूही येत नाही.

बाईंनी मुलांसाठी रूथची पुस्तकं लिहिली. रूथ कोकणातल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू घरातली मुलगी. त्यातल्या एका गोष्टीत दरफाळणीचा सण आहे. दारं लावून दिवसभर उपास, तो चांदण्या दिसल्यावर सोडायचा. आमचं जैनांचं घर, सूर्य मावळायच्या आत जेवणारं. एकदा माझी ऐश्वर्या ताट घेऊन गच्चीवर जाऊन बसली. माझी आई ओरडली, "रात्रीचं जेवतीस व्हय गं?"

"आज्जी, चांदण्या दिसल्याशिवाय उपास सुटत न्हाय."

"कुणाचा उपास?"

"रूथचा."

"आणि दुपारी भाकरी कुणी खाल्ली?"

"ती मी."

तुम्ही हसलात. मला मात्र तेव्हा वाटलं, ही कोण बाई, जिचं माझी पोरगी एवढं ऐकते?

गेल्या वर्षी ती आजारी पडली. मी उशाशी बसून वाचायला लागलो की म्हणायची, "पप्पा, तुम्ही नको. बाई येऊ देत." बाई यायच्या. मी दाराबाहेर उभा राहून दोघींचं हसणं ऐकायचो. ती गेली, तेव्हा लोक बाईंचंही सांत्वन करत होते. मला तेही सहन झालं नाही.

आता बाईंनी नवं पुस्तक लिहिलंय. त्यात रूथची एक जैन मैत्रीण आहे, तिचं नाव ऐश्वर्या. छापायच्या आधी बाईंनी ते मला वाचायला दिलं. "नको म्हणालात तर नाव बदलते, दादा," म्हणाल्या. मी नकोच म्हणणार होतो. माझ्याकडे नावच उरलंय, तेही बाईंना द्यायचं? तरी वाचलं. चालणं, बोलणं, हट्ट, सगळं तिचंच. मला माहीत नसलेलंही बरंच होतं.

एका ठिकाणी मात्र चुकलंय, बाई. तुमचा मलिदा, ते गोड पोहे, तुम्ही तिच्यासाठी नवस बोलून आणला होता. पुस्तकातली ऐश्वर्या त्यातले बेदाणे आधी वेचून खाते. माझी नाही खायची. तुमची पाठ वळली की ते माझ्या तळहातावर ठेवायची. "बाईंना सांगू नका, पप्पा. त्यांना वाईट वाटंल."

तेवढं दुरुस्त करा. नाव राहू द्या.

बाई, आता पेणला राहायला चाललाय, तिथं सुखानं राहा. सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. यातलं काही टोचलं असेल, तर न बोलणाऱ्या माणसाचं बोलणं म्हणून सोडून द्या.