पिंजौरचं दार

स्मिता: काकू, मी उगाच बोलले. कदाचित ते काका नसतीलही.

सुनंदा: अर्धं सांगून आता पळू नकोस. मागच्या रविवारी पिंजौरच्या बाजारामागच्या गल्लीत तुला आमचे हे दिसले. पुढं?

स्मिता: आम्ही स्कूटरवर बागेत गेलो होतो ना. येताना त्या गल्लीतून वळलो, तर एका घराच्या पायरीवर काका बसलेले. दारात एक बाई, चाळिशीची असेल. तिनं आपल्या हातानं त्यांना पराठा दिला, वर लोणचं. आणि काका तिच्याकडे बघून हसले.

सुनंदा: हसले?

स्मिता: पक्का. काकांना हसताना मी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून तर नीट बघितलं.

सुनंदा: मीही फारसं पाहिलेलं नाही. मला सांगून जातात, सुखना तलावाला चकरा मारतो, पायांना सवय हवी. मार्चमध्ये रिटायर झाले की नर्मदेची परिक्रमा करायची आहे त्यांना. एका काठानं चालत जायचं, दुसऱ्या काठानं परत यायचं. नेमानं करायची म्हटली तर तीन वर्षं सहज जातात.

स्मिता: बापरे. काका एवढे धार्मिक आहेत?

सुनंदा: तिथंच तर पाल चुकचुकते. सत्यनारायणाच्या पूजेत घड्याळ बघत बसणारा माणूस हा. आणि मागच्या रविवारी चालून आले, ते अर्धी पोळी खाऊन उठले. चालून आलेल्या माणसाला भूक नसते होय?

स्मिता: पण काकू, त्यांची दाढी वाढलेली होती. कुडता खांद्यावर उसवलेला. बाईकडे असं कोण जातं, यार?

सुनंदा: तो कुडता मी फरशी पुसायला काढला होता. गेला कुठं म्हणून घर पालथं घातलं.

स्मिता: फाटक वाजलं. काकाच आले. मी मागच्या दारानं जाते, कुकर लावून आलेय.

सुनंदा: कुकर लावून तासभर बसलीस? जा. आणि कोणाला बोलू नकोस.

स्मिता: आईशप्पथ नाही बोलणार.

वामन: कोण होतं गं?

सुनंदा: शेजारच्या एअरफोर्सवाल्यांची स्मिता. पान वाढू?

वामन: अर्धीच पोळी वाढ.

सुनंदा: हो, पिंजौरचा पराठा पोटात असेल अजून.

वामन: कोण म्हणालं?

सुनंदा: म्हणजे खरं आहे. कोण आहे ती?

वामन: नाव माहीत नाही.

सुनंदा: तिच्या पायरीवर बसून जेवता, आणि नाव माहीत नाही?

वामन: विचारायचं नसतं.

सुनंदा: अहो, सगळा जन्म ऑडिटमध्ये काढलात. असलं कच्चं उत्तर तुम्ही कोणाचं चालवून घेतलंत?

वामन: नाही घेतलं. बस इथं, सांगतो. परिक्रमेत स्वतःचं काही बाळगायचं नाही. दारात उभं राहायचं, मागायचं, मिळेल ते खायचं. मला चालायची धास्ती नव्हती. मागायची होती.

सुनंदा: म्हणजे तुम्ही तिथं भीक मागत होतात?

वामन: भिक्षा. सराव म्हणून. चंदीगडमध्ये कोणीही ओळखलं असतं, म्हणून पिंजौरला जातो. जाताना चालत, येताना बसनं.

सुनंदा: मला खरं वाटत नाही.

वामन: मलाही वाटलं नव्हतं. पहिल्या दारात तोंडच उघडेना. बाई म्हणाली, क्या चाहिये जी? मी म्हणालो, शर्माजी का घर कहाँ है?

सुनंदा: मग?

वामन: तिनं खरंच दाखवलं. शर्माजींनी चहा पाजला. आपण पूर्वी कुठं भेटलोय, ते आठवत बसले बिचारे.

सुनंदा: हसू येतंय म्हणून मी सोडणार नाही हां तुम्हाला. ती पराठ्यावाली?

वामन: पुढच्या खेपेची. आधी दोन दारं लागली तोंडावर. तिच्या दारात मात्र सुटला शब्द. रोटी मिलेगी, माताजी? ती म्हणाली, माताजी कोणाला म्हणतोस, मी तुझ्याहून लहान आहे. त्यावर हसलो असेन.

सुनंदा: आणि हे सगळं कशासाठी? देवासाठी म्हणू नका.

वामन: नाही म्हणत. जन्मभर मी टेबलाच्या एकाच बाजूला बसलो. लोक समोर उभे. आता तिकडं उभं राहून बघायचंय.

सुनंदा: चांगलं आहे. अनोळखी बायकांकडे मागायला शिकलात. आणि मला काय केलंत? दसऱ्याला जेवताना म्हणालात, मार्चनंतर परिक्रमेला जातोय, आमटीत मीठ कमी आहे. एका दमात.

वामन: तू तेव्हा काही बोलली नाहीस.

सुनंदा: मीठ आणून दिलं. मार्चनंतर हे क्वार्टर सोडावं लागेल. मी कुठं राहायचं?

वामन: लेकाकडे, पुण्याला. कळवलंय चारूला.

सुनंदा: त्याला कळवलंत.

वामन: सुनंदा, बायकोच्या संमतीशिवाय संकल्प करता येत नाही. नर्मदेकाठच्या महाराजांनी तसं बजावलंय. तू हो म्हणशील, असं धरून चाललो होतो. जयपूरला बदली झाली, दिल्लीला झाली, इथं झाली. तू कधी नाही म्हणालीस?

सुनंदा: तुम्ही कधी विचारलंत? दारात काश्मिरी शालवाला आला तरी मी म्हणते, घरात विचारून सांगते. साधी शाल घ्यायची तर. आणि तुम्ही तीन वर्षं निघालात. परत याल की नाही, तेही मीच धरून चालायचं.

वामन: परत येणार. खरंच येणार.

सुनंदा: उठा. चपला इथंच राहू द्यात. बाहेर जा आणि दार लावून घ्या.

वामन: घराबाहेर काढतेस?

सुनंदा: सराव म्हणते आहे. पिंजौरला बेल वाजवता की कडी?

वामन: कडी. अगं, शेजारी बघतील.

सुनंदा: बघू देत. स्मितानं बघितलंच आहे.

(दार बंद होतं. मग कडी वाजते.)

सुनंदा: कोण आहे?

वामन: नर्मदे हर.

सुनंदा: काय हवंय?

वामन: ते आपलं... शर्माजींचं घर...

सुनंदा: इथं शर्माजी राहत नाहीत.

वामन: सुनंदा, जाऊ का मी?

सुनंदा: आणि?

वामन: आणि तू... तुला कुठं राहावंसं वाटतं? चारूकडेच असं काही नाही. तू म्हणशील तसं. नाही म्हणालीस तर नाही जाणार.

सुनंदा: थांबा जरा. घरात विचारून सांगते.